कलर होता, तरी हरलो!

मागच्या सेमला सबमिशन संपलं त्या रात्री आमच्या रूमवर तीन पत्ती बसली होती. आम्ही सहा जण, बूट पाच रुपये. म्हणजे टाइमपासच. एका डावात पानं उचलली तर बदामचा एक्का, गुलाम आणि सत्ती. कलर! चौघे पॅक झाले, उरला माझाच रूम पार्टनर. तो पानं बघून चाल वाढवतोय, मीही वाढवतोय. खिशात मेसचे पैसे होते, तेही टाकले. शेवटी शो. त्याच्याकडे छक्की, सत्ती, अठ्ठी. साधी सिक्वेन्स.

मी पैसे ओढायला लागलो तर म्हणतो, "ए थांब, सिक्वेन्स मोठी!" मी कॉम्प्युटरवर पोकर खेळून शिकलेला. तिथे कलर मोठा. मी त्याला सरळ चीटर म्हणालो. आठ दिवस एका रूममध्ये राहून आम्ही बोललो नाही.

मग रागारागातच वही काढली. ५२ पानांतून तीन निवडायचे प्रकार २२,१००. त्यात ट्रेल ५२, प्युअर सिक्वेन्स ४८, साधी सिक्वेन्स ७२०, कलर १,०९६, जोडी ३,७४४. उरलेल्या १६,४४० मध्ये काहीच नाही, म्हणजे चारातल्या तीन वेळा हात रिकामाच! पोकरला पाच पानं. तिथे २५,९८,९६० प्रकारांत सिक्वेन्स १०,२०० आणि कलर फक्त ५,१०८. म्हणून तिथे कलर मोठा, इथे सिक्वेन्स. पार्टनर बरोबर होता. (गंमत म्हणजे प्युअर सिक्वेन्स ट्रेलपेक्षाही दुर्मीळ, तरी मान ट्रेलला. तिथे गणित नाही, रिवाज चालतो.)

पण मित्रांनो, माझी खरी चूक वेगळीच होती. समजा कलर मोठा कुठला हे मला माहीत असतं, तरी मी खेळलोच असतो. कारण माझ्या पानांवर मात करणारी पानं कुणा एकाकडे असण्याची शक्यता शंभरात साधारण चार. समोर पाच जण धरले तर ती पाचात एकच्या आसपास जाते. आणि हा हिशोब पानं वाटतानाचा! चौघे उठून गेल्यावरही जो पानं बघून चाल वाढवतो, तो त्या 'कुणा एकात' मोडत नाही. एम-थ्रीला कंडिशनल प्रोबॅबिलिटीची गणितं सोडवून मार्क घेतले, पण समोर बसलेला माणूस हीच ती कंडिशन, हे डोक्यात आलं नाही. हाती काहीच नसतं तर बूट देऊन उठलो असतो. चांगल्या पानांनीच मला बुडवलं.

म्हणून माझं मत असं की खेळा, पण काड्यापेटीतल्या काड्यांवर खेळा. पानं वाटण्याआधी नियम ठरवा. आणि आपली पानं मोठी आहेत एवढं बघून थांबू नका, समोरचा अजून का बसलाय तेही विचारा.

पार्टनरला सॉरी म्हणालो. पैसे तो परत देत होता, मी घेतले नाहीत. मात्र महिनाभर त्याच्या घरून आलेला चिवडा दोघांनी मिळून संपवला!