अमीर कोण, याआधी नियम कोणता ते ठरवा




तब्लिगी जमात या इस्लामी धर्मप्रचार चळवळीतली फूट ही दिल्ली-लाहोरकडची गोष्ट आहे, असे अनेकांना वाटते. आम्हा मीरा रोडकरांना ती नयानगरच्या गल्लीत दिसते. वळकट्या, स्टोव्ह आणि भांडीकुंडी घेऊन दहा-बारा जणांची जमात मशिदीत मुक्कामाला आली की पूर्वी विचारत, "कुठून आलात? जेवलात का?" आता पहिला प्रश्न असतो, "निजामुद्दीनवाले की शूरावाले?" म्हणजे एका अमीराला (प्रमुखाला) मानणारे की शूरेला (सल्लागार मंडळाला)? उत्तर मनासारखे नसले की त्यांना वळकटी उचलून दुसरी मशीद शोधावी लागते. माझ्या ओळखीच्या एका घरात थोरला भाऊ दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजला (केंद्राला) मानतो आणि धाकटा शूरावाल्यांच्या नेरुळच्या मरकजला. दोघे एका बयानाला (प्रवचनाला) बसत नाहीत.

हा वाद श्रद्धेचा असल्याचे सांगितले जाते. माझ्या मते त्याचे मूळ न ठरवलेल्या नियमात आहे. मौलाना इलियास यांनी १९२०च्या दशकात मेवातमध्ये जमातीचे काम सुरू केले. १९४४ साली ते वारल्यावर त्यांचे पुत्र मौलाना युसूफ अमीर झाले. १९६५ साली युसूफ वारल्यावर मात्र त्यांच्या मुलाऐवजी मौलाना इनामुल हसन यांची निवड झाली. म्हणजे बापामागून मुलगा, असा दंडक तेव्हाही नव्हता. इनामुल हसन यांनी १९९३ मध्ये दहा जणांची शूरा नेमली. १९९५ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर एकच अमीर न निवडता निजामुद्दीनची जबाबदारी तिघांवर आली. पण यातला कोणी गेला तर त्याची जागा कोणी आणि कशी भरायची? साध्या गृहनिर्माण सोसायटीच्या उपविधींत असते तेवढी तरतूदही इथे पक्की झाली नाही. तिघांपैकी एक आधीच वारले होते; मार्च २०१४ मध्ये मौलाना जुबैरुल हसनही वारले आणि मौलाना साद एकटे उरले. नोव्हेंबर २०१५ मध्ये पाकिस्तानातल्या रायविंडला नवी शूरा जाहीर झाली; साद यांनी ती मानली नाही. २०१६ मध्ये मौलाना इब्राहिम देवला, मौलाना अहमद लाट असे ज्येष्ठ निजामुद्दीन सोडून गेले.

दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे. निजामुद्दीन हे कामाचे मूळ केंद्र आहे आणि नेमलेल्या तिघांतले साद हेच हयात आहेत, हे खरे. मशवऱ्याची (सल्लामसलतीची) शिकवण देणाऱ्यांनी एका माणसाच्या शब्दावर चालू नये, हेही तितकेच खरे. म्हणूनच हा गुंता जयजयकाराने सुटणार नाही आणि हाणामारीने तर मुळीच नाही. बांगलादेशात टोंगीच्या मैदानावर डिसेंबर २०१८ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२४ मध्ये याच वादात माणसे मेली. जिथे नमाज शिकवायची, तिथे जनाजे उठले.

कोर्टाकडून निकाल घेऊ, असे कोणी म्हणेल. दाऊदी बोहरा समाजाच्या दाईपदाचा (धर्मप्रमुखपदाचा) दावा २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दाखल झाला. २०१६ मध्ये मूळ वादी वारले, त्यांच्या मुलाने तो पुढे चालवला आणि निकाल लागला २३ एप्रिल २०२४ रोजी. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी स्पष्ट केले की हा निर्णय पुराव्याचा आहे, श्रद्धेचा नाही. तिथे आधीच्या दाईंनी वारस नेमायचा, हा नियम तरी सर्वांना मान्य होता. तब्लिगमध्ये तोही नाही. न्यायाधीशाने मग काय तपासायचे?

माझी दोन्ही गटांच्या बुजुर्गांना विनंती आहे की अमीर असो वा शूरा, नेमणूक, मुदत आणि रिकामी जागा भरण्याची रीत लेखी ठरवून जाहीर करा. आणि मीरा-भाईंदरच्या मशिदींच्या ट्रस्टींना माझे सांगणे आहे की तोवर तुम्ही कुणाची बाजू घेऊ नका. तालीम (धर्मग्रंथाचे वाचन) आणि गश्त (घरोघरची फेरी) यांच्या वेळा दोघांना वाटून द्या, मुक्कामाला आलेल्या कुठल्याही जमातीला हाकलू नका आणि भांडण पोलीस ठाण्यापर्यंत जाऊ देऊ नका. मशीद समाजाच्या वर्गणीतून उभी राहिली आहे. कोणत्याही गटाला तिला कुलूप लावण्याचा अधिकार नाही.

आपला,
एक वाचक, नयानगर, मीरा रोड (पूर्व)