नावाआधी अधिकार

लखनौच्या चारबागेत दोन रेल्वे स्थानके शेजारीशेजारी उभी आहेत. एक उत्तर रेल्वेचे, संकेताक्षरे ‘एलकेओ’. दुसरे पूर्वोत्तर रेल्वेचे लखनौ जंक्शन, संकेताक्षरे ‘एलजेएन’. मुंबईच्या पुष्पक एक्सप्रेसने ये-जा करणारे मराठी प्रवासी हे जाणतात की, येथे नुसते ‘लखनौ’ म्हणून भागत नाही. कोणत्या रेल्वेचे, तेही सांगावे लागते.

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये स्वतःचे पॅरामीटर निर्माण करतानाही हाच दंडक आहे. नावाचे दोन भाग असतात: आधी उपसर्ग, मग टिंब, मग नाव, उदाहरणार्थ ‘आरक्षण.मुदत’. ९.१ आवृत्तीपर्यंत असा उपसर्ग आधी संरचना-फाइलमध्ये जाहीर करावा लागे. २०१२ च्या ९.२ आवृत्तीने ही अट काढून टाकली. आता डेटाबेसशी जोडला गेलेला कोणीही वापरकर्ता नवे नाव योजू शकतो.

सोय मोठी आहे. बदलणारे मूल्य प्रोग्रॅममध्ये कोरून ठेवू नये, हे प्रशासनालाही मान्य व्हावे. रेल्वेच्या आगाऊ आरक्षणाची मुदत १ एप्रिल २०१५ पासून ६० वरून १२० दिवस झाली आणि १ नोव्हेंबर २०२४ पासून पुन्हा ६० दिवसांवर आली. आज्ञा बदलते, यंत्रणा तीच राहते.

परंतु सोय म्हणजे अधिकार नव्हे. टंकलेखनात ‘मुदत’चे ‘मुद्दत’ झाले, तर डेटाबेस तक्रार करीत नाही. निमूटपणे दुसरा पॅरामीटर तयार करतो आणि मूळ मूल्य जुनेच राहते. अशी मूल्ये केवळ मजकूर असतात. साठाच्या जागी ‘साठ’ लिहिले तरी ते स्वीकारले जाते. याहून गंभीर बाब अशी की, ‘मी अमुक कार्यालयाचा’ हे मूल्य, थेट आज्ञा देऊ शकणारा वापरकर्ता स्वतःच लिहू शकतो. त्यावर नोंदी पाहण्याची परवानगी बेतणे म्हणजे आगंतुकाच्या शब्दावर कोषागार उघडणे होय.

म्हणून माझे मत असे: धोरणाची मूल्ये तक्त्यात ठेवावीत, तेथे बदलण्याचा अधिकार, तारीख आणि आदेश क्रमांक नोंदवता येतो. पॅरामीटर फक्त क्षणिक माहितीसाठी वापरावा, आणि तोही त्या व्यवहारापुरता. अन्यथा सामायिक जोडणीवर पुढच्या माणसाला मागच्याची ओळख चिकटते. उपसर्गांची नोंदवही प्रत्येक खात्याने ठेवावी. आवृत्तीने जी अट सोडली, ती कार्यालयाने स्वतःवर घालून घेतली पाहिजे. नियम बदलणे सोपे असावे. कोणी बदलला, हे लपवणे मात्र सोपे असू नये.