बर्फाखालचे आणि सड्यावरचे

आज २ फेब्रुवारी, जागतिक पाणथळ दिन. घाटकोपरच्या पूर्वेला, खारफुटीपलीकडे, ठाण्याच्या खाडीत सध्या रोहित पक्षी उतरलेले आहेत. २०२२ साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेलेल्या या खाडीचे कौतुक आपण दुर्बिणी घेऊन करतो आणि ते करायलाच हवे. मात्र रोहित ज्यांच्यावर जगतात ते शेवाळ आणि इवले जीव आपल्या मोजदादीत नसतात.

याच यादीतले लडाखचे त्सो मोरिरी या दिवसांत गोठलेले असते. १९३२ साली येल विद्यापीठाच्या मोहिमेतून आलेल्या जी. इव्हलिन हचिन्सन यांनी लडाखच्या सरोवरांतल्या जीवांचा अभ्यास केला. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड होते आणि बर्फ पाण्यापेक्षा हलका असतो, म्हणून बर्फ वर तरंगतो आणि तळ जिवंत राहतो. बर्फ वाऱ्याला अडवतो, त्यामुळे पाणी ढवळत नाही. त्यावर हिम साचले की खाली अंधार पसरतो. अशा थंड सरोवरांत डॅफ्नियासारखे जीव गाळात टणक अंडी ठेवतात. बर्फ फुटला की उजेड आत येतो, शेवाळ फुलते आणि पिल्ले नेमकी त्याच सुमारास बाहेर पडतात. बर्फ लवकर गेला तर शेवाळ उजेडामागे धावते, अंडी मात्र दिवसाची लांबी आणि ऊब यांची वाट पाहतात. मग जेवण आणि जेवणारे यांची चुकामूक होऊ शकते. बर्फ कसा बदलतो ते जुन्या नोंदींत दिसते: जपानच्या सुवा सरोवराच्या गोठण्याची नोंद शिंतो पुजारी १४४३ पासून ठेवत आले. आता कित्येक हिवाळे ते पुरते गोठतच नाही.

आपल्या सह्याद्रीत बर्फाचे काम कोरड करते. सड्यांवरची, म्हणजे कातळी पठारांवरची, डबकी पावसाळ्यानंतर आटतात आणि उलटे पोहणाऱ्या फेअरी श्रिम्पची अंडी सुक्या मातीत पुढच्या पावसापर्यंत तग धरतात. यांतल्या एका जातीला सह्याद्रीचेच नाव आहे. अवकाळी सरीने अंडी उबली आणि पाणी चार दिवसांत आटले, तर ती पिढी वाया जाते. सगळी अंडी एकदम फुटत नाहीत, म्हणूनच हे जीव आजवर टिकले. पण तापलेल्या, ओसाड दिसणाऱ्या कातळावरून आपण गाड्या नेतो, जांभा खणतो, तेव्हा अंड्यांचा उरलेला साठाही चिरडतो.

पाणथळींच्या नोंदवहीत पक्ष्यांच्या संख्येशेजारी पाणी कधी भरले, कधी आटले, कधी गोठले याच्या तारखा हव्यात. आणि संरक्षण उन्हाळ्यातल्या कोरड्या सड्यालाही हवे.