यंत्रावरील संस्कार

संस्कार हा शब्द आपल्या नित्य परिचयाचा आहे. वैद्य औषधीवर संस्कार करितो, सुगरण साध्या तांदुळावर संस्कार करून त्याची खीर करिते. मूळ द्रव्य तेंच राहतें. मात्र त्याच्या अंगचा गुण प्रकट होतो आणि दोष झांकला न जातां दूर होतो. यंत्रावरही असे संस्कार होतात. या महिन्यांत आम्ही वाचकांपुढें जें उदाहरण ठेवणार आहों, तें अमेरिकेंतील मोटारींच्या शर्यतींचें आहे. घरीं मोटार नसलेल्या वाचकांनीं व वाचकभगिनींनींही पान उलटूं नये, अशी विनंति आहे. कारण जुनी वस्तु वापरांत ठेवून कशी जपावी, हा प्रश्न प्रत्येक घरांत केव्हां ना केव्हां उभा राहतोच.

१९६४ च्या हंगामासाठीं पाँटिअ‍ॅक कंपनीनें आपल्या मध्यम आकाराच्या गाडींत ३८९ घनइंचांचें मोठें एंजिन बसवून ‘जीटीओ’ ही मोटार विक्रीस आणली. अशा गाड्यांस पुढें ‘मसल कार’, म्हणजे पिळदार स्नायूंची मोटार, हें नांव पडलें. सरळ रस्त्यावर पाव मैल धांवण्याच्या शर्यतींत त्यांचा हात धरणारें क्वचितच कोणी असे. परंतु हें सारें बळ एंजिनांत होतें. त्या बळास आवरणारे ब्रेक आणि त्यास वळविणारी चाकांची जोडणी मात्र साध्या घरगुती गाडीचीच होती. आपल्याकडे ‘नाकापेक्षां मोतीं जड’ म्हणतात, तशीच ही स्थिति. पाव मैलाची शर्यत कांहीं सेकंदांत संपते. वळणांच्या मार्गावरील शर्यत मात्र तास तास चालते व तेथें डावीकडे, उजवीकडे वळावें आणि वारंवार वेग आवरावा लागतो. म्हणून या गाड्यांस त्या शर्यतींच्या लायक करावयाचें, तर त्यांवर संस्कार करणें भागच होतें.

या कामीं पहिलें नांव कॅरल शेल्बी याचें घ्यावयास हवें. १९५९ सालीं ल मान्सची प्रसिद्ध शर्यत जिंकलेल्या या गृहस्थास हृदयविकारामुळें शर्यती सोडाव्या लागल्या व तो मोटारी बनविण्याकडे वळला. फोर्ड कंपनीनें १९६४ च्या एप्रिलांत ‘मस्टँग’ ही गाडी बाजारांत आणली होती. तिला शर्यतींत मान मिळवून देण्याचें काम कंपनीनें शेल्बीकडे सोंपविलें. ‘स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका’ या संस्थेच्या नियमाप्रमाणें अशा निदान १०० गाड्या तयार असणें जरूर होतें, आणि गाडी दोघांच्याच बैठकीची असावी लागे. शेल्बीच्या माणसांनीं मागची बैठक काढून टाकिली व तिच्या जागीं फळी बसवून तीवर जादा चाक ठेविलें. झाली गाडी दोघांची! पुढील झांकण फायबर-ग्लासचें केलें, बॅटरी पुढून मागें नेली, आणि २८९ घनइंचांच्या एंजिनाची शक्ति २७१ वरून ३०६ अश्वशक्तीपर्यंत वाढविली. १९६५ च्या जानेवारींत ही ‘जीटी ३५०’ लोकांपुढें आली आणि तिनें १९६५, १९६६ व १९६७ अशीं लागोपाठ तीन वर्षें आपल्या वर्गाचें राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविलें.

परंतु आम्हांस या सर्वांत अधिक कौतुक वाटतें तें एका अगदीं स्वस्त सुधारणेचें. गाडी वळणावर कलली कीं बाहेरच्या बाजूचें चाकही तिरपें होतें आणि टायरची केवळ कडा रस्त्यास टेकते. फोर्डमधील क्लाउस आर्निंग या अभियंत्यानें दाखविलें कीं, पुढच्या चाकांस धरणारा वरचा दांडा एक इंच खालीं बसविला असतां कललेल्या गाडीचें चाकही बरेंचसें उभें राहतें. याला सामान किती लागलें? प्रत्येक बाजूस दोन, मिळून चार नवीं भोंकें! यंत्राचें मर्म ज्यास कळलें त्याच्या हातांतील साधा गिरमिटही हजारों डॉलरांचें काम करितो, तें असें.

इतर संस्कारांचा क्रमही मनन करण्याजोगा आहे. अनुभवी मनुष्य आधीं ब्रेकांकडे पाहतो. ड्रम ब्रेक वारंवार दाबला कीं तापतो, ड्रम प्रसरण पावून आंतील पट्ट्यांपासून दूर सरतो, पट्ट्यांचें घर्षणही कमी होतें, आणि पायाखालील ब्रेक जणूं निकामी होतो. डिस्क ब्रेकची तबकडी उघड्या हवेंत असल्यामुळें लवकर निवते. म्हणून पुढें डिस्क बसवावयाचे व त्यांवर नळ्यांनीं वारा सोडावयाचा. नंतर मागचा आंस. तो पोलादी पट्ट्यांच्या कमानींवर बसविलेला असतो. जोराचा हिसका मिळतांच कमानी पिळवटतात व चाकें रस्त्यावर उड्या मारूं लागतात. तें थांबविण्यासाठीं दांडे लावावे लागतात. तिसरें, तेल. लांब वळणावर एंजिनाखालील भांड्यांतील तेल एका बाजूस धांवतें, पंप तेलाऐवजीं हवा ओढतो, आणि भारी किंमतीचें एंजिन क्षणांत जळून जातें. म्हणून त्या भांड्यांत आडपडदे घालतात. हें सर्व झाल्यावर मग शक्ति वाढविण्याची गोष्ट! नवशिके लोक मात्र नेमके उलट टोंकानें आरंभ करितात.

१९६६ पासून ‘ट्रान्स-अ‍ॅम’ या नांवाच्या शर्यती सुरू झाल्या. तींत मोठ्या गाड्यांच्या एंजिनास पांच लिटरांची, म्हणजे सुमारें ३०५ घनइंचांची, मर्यादा होती. शेव्हरोले कंपनीजवळ या मापाचें योग्य एंजिन नव्हतें. तिनें आपल्या ३२७ घनइंची एंजिनाच्या चार इंच व्यासाच्या सिलिंडरांत २८३ घनइंची एंजिनाचा तीन इंच फेऱ्याचा क्रँक-शाफ्ट घातला. गणिताची आवड असलेल्या मुलांनीं आठ सिलिंडरांचें घनफळ करून पाहावें. उत्तर ३०२ च्या जवळपास येईल. हीच ‘कॅमारो झेड-२८’. १९६७ सालीं अशा अवघ्या ६०२ गाड्या निघाल्या. रॉजर पेन्स्के याच्या पथकांतील मार्क डॉनह्यू यानें १९६८ सालीं १३ पैकीं १० शर्यती जिंकिल्या. पुढें १९७० सालीं बड मूर याच्या पथकाच्या ‘बॉस ३०२’ मस्टँगांनीं बाजी मारली.

पेन्स्केच्या पथकानें गाडीचें कवच आम्लांत बुडवून तिचा पत्रा पातळ केला, ही हकीकत प्रसिद्ध आहे. डॉनह्यूनें आपल्या पुस्तकास ‘दि अनफेअर अ‍ॅडव्हांटेज’, म्हणजे गैरवाजवी सरशी, असें नांव दिलें, यांतच त्या काळची वृत्ति दिसून येते. नियमाचें अक्षर पाळून त्याच्या सांदीकोपऱ्यांतून वाट काढणें, ही त्या खेळाचीच एक कला होती.

आतां जो मुद्दा आम्हांस महत्त्वाचा वाटतो, त्याकडे वळूं. आज तिकडे जुन्या गाड्यांच्या शर्यती मोठ्या हौसेनें होतात, आणि हौशी लोक आपल्या गाड्यांवर ‘त्या काळच्या पद्धतीचे’ संस्कार करून घेतात. येथें दोन मोह आडवे येतात. पहिला, बाहेरून जुनें रूप ठेवून आंत अगदीं आजचीं सुकाणूं, स्प्रिंगा व विजेच्या मेंदूनें चालणारें इंधनयंत्र बसविण्याचा. गाडी उत्तम धांवते यांत शंका नाहीं. परंतु मूळच्या अडचणीवर त्या काळच्या माणसांनीं कशी मात केली, हें तीवरून कळेनासें होतें. दुसरा मोह याहून वाईट. १९६७ च्या कॅमारोच्या अनुक्रमांकावरून ती झेड-२८ आहे कीं साधी, हें ओळखतां येत नाहीं. तेव्हां साध्या गाडीस ते भाग लावून ती अस्सल म्हणून विकणें, म्हणजे वडाची साल पिंपळास लावणें होय. नक्कल करणें हा गुन्हा नव्हे. नक्कल म्हणून न सांगणें हा मात्र खास आहे.

पण जुनेपणाच्या प्रेमास एक मर्यादा हवीच. जीटी ३५० वर ज्यानें अपार मेहनत घेतली, तो केन माइल्स १९६६ च्या ऑगस्टांत रिव्हरसाइड येथें फोर्डच्या दुसऱ्या एका नव्या गाडीची परीक्षा करीत असतां मृत्यु पावला. त्या अपघातानंतर त्या जातीच्या गाडींत भक्कम पोलादी पिंजरा घालण्यांत आला. आणि १९६७ सालीं ल मान्स येथें मारिओ आंद्रेत्ती याची तशीच गाडी आदळली, तेव्हां तो बरगड्या मोडून कां होईना, पण जिवंत बाहेर आला. एका माणसाच्या प्राणाचें मोल देऊन मिळालेलें ज्ञान केवळ ‘जुनें तेंच हवें’ या हट्टापायीं टाकून देणें शहाणपणाचें नाहीं. म्हणून गाडीचें अंग जुनें असलें, तरी आंतील पिंजरा, पट्टे व इंधनाची टांकी आजच्या कसोटीचीं असावींत, हेंच आमच्या मतें योग्य.

मिरजेचा जुना तंबोरा घ्या. त्याच्या तारा बदलतात, जवारी पुन्हां पुन्हां लावावी लागते. म्हणून तो खोटा होत नाहीं. नव्या तंबोऱ्यावर जुन्या कारागिराचें नांव घातलें, तर मात्र तो खोटा होतो. आमची वाचकांस एवढीच सूचना आहे कीं, घरांतील जुनी वस्तु, मग तें घड्याळ असो, शिवणयंत्र असो वा देव्हारा असो, दुरुस्त कराल तेव्हां काय काढलें, काय घातलें व केव्हां, याची चार ओळींची नोंद त्या वस्तूबरोबरच ठेवावी. पुढील पिढीस वस्तूबरोबर तिची खरी हकीकतही वारशानें मिळेल.