दुःस्वप्नाचा चोख हिशेब

किम जी-वूनच्या ‘अ टेल ऑफ टू सिस्टर्स’ (2003) या कोरियन चित्रपटावर एक ठरलेला आक्षेप आहे. जवळजवळ दोन तास प्रेक्षकाला चकवायचं आणि शेवटी ‘हे सगळं मुलीच्या मनात चाललं होतं’ म्हणून हात झटकायचे, ही फसवणूक झाली. स्वप्न म्हटलं की काहीही खपतं, हे या आक्षेपातलं गृहीतक.

इथे तर काहीच खपवलेलं नाही. इस्पितळातून घरी आलेली सू-मी कपाट उघडते, तर आत एकसारख्या कपड्यांची रांग. ती, धाकटी बहीण सू-यॉन आणि सावत्र आई, तिघींची पाळी एकाच दिवशी. बाप धाकटीशी चकार शब्द बोलत नाही. पहिल्यांदा पाहताना हे विचित्र वाटतं. दुसऱ्यांदा पाहिलं की तिघी एकाच देहात राहतात, हे दिग्दर्शक उघड सांगत होता असं ध्यानात येतं. लपवाछपवीचा आरोप मग कुठे ठेवायचा?

चित्रपटाचं मूळ जोसन काळातल्या लोककथेत आहे. सावत्र आईच्या कारस्थानानं जीव गेलेल्या दोन बहिणींची भुतं गावच्या अधिकाऱ्यापुढे गाऱ्हाणं घेऊन जातात. एकामागून एक अधिकारी भीतीनं मरतात. अखेर एक धीट माणूस ऐकून घेतो आणि न्याय करतो. किमनं हा अधिकारीच काढून टाकला. त्याच्या जागी आहे गोळ्या देणारा, थकलेला बाप. ऐकणारं कोणी नाही म्हटल्यावर सू-मीच फिर्यादी होते, आरोपीही. कपाटाखाली सापडून बहीण मरत होती, तेव्हा ही सावत्र आईशी भांडून, काहीच न कळता, घराबाहेर पडली होती. त्यानंतरचा ‘सावत्र’ छळ ही तिनंच स्वतःला दिलेली शिक्षा. एवढा काटेकोर कार्यकारणभाव किती वास्तववादी चित्रपटांत सापडतो?

‘साधा मनोविकार, दुसरं काय!’ म्हणणाऱ्या समर्थकांचंही मला पटत नाही. जेवायला आलेल्या सावत्र मामीला स्वयंपाकघरातल्या सिंकखाली मुलगी दिसते, आणि मामी काही रुग्ण नाही. अपराध या घरातच मुरलाय, म्हणून तो परक्यालाही दिसतो.

ज्यांना सगळं उलगडूनच हवंय, त्यांच्यासाठी 2009 साली अमेरिकेनं याचाच रीमेक, ‘द अनइन्व्हाइटेड’, काढला. त्यात खुनी कोण ते नीट कळतं. दुसऱ्यांदा पाहायला मात्र काही उरत नाही.