सोसलेल्यांच्या बैठकीला विरोध कशासाठी?

लहानपणीच्या अत्याचारानं, हिंसेनं ज्यांना डिसोसिएशन, म्हणजे भान आणि आठवणी मधेच तुटणं, जडलं, त्यांनी एकमेकांना आधार देण्याच्या भानगडीत पडू नये, ते काम तज्ज्ञांचं, असं मत अनेक जाणती माणसं मांडतात. त्यामागची काळजी खरी आहे. निष्कर्ष मला मुळीच मान्य नाही.

पहिला आक्षेप असा की अशी माणसं एकत्र बसली तर लक्षणं एकमेकांना लागतात. दाखला अमेरिकेचा देतात. १९७३ साली अनेक व्यक्तिमत्त्वं असलेल्या एका बाईची कहाणी सांगणारं ‘सिबिल’ हे पुस्तक आलं आणि पुढच्या दोन दशकांत तिथं बहुव्यक्तिमत्त्वाच्या निदानांना ऊत आला. कधीच न घडलेल्या अत्याचारांच्या ‘आठवणी’ही निघाल्या. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण घडलं कुठं? मुख्यतः उपचारकांच्याच खोलीत. तिथं संमोहन होतं, सूचक प्रश्न होते, ‘आठवून बघ, अजून काहीतरी असेल’ हा आग्रह होता, आणि समोर उपचारकाच्या शब्दावर विसंबलेला रुग्ण. सूचनेचा धोका बैठकीतही असतो, पण तिथं एकाच माणसाच्या हाती एवढा अधिकार नसतो. आठवणी खोदू नयेत, एवढंच तो इतिहास शिकवतो. सोबत करू नये, असं तो सांगत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. एकीनं अत्याचाराचा तपशील सांगितला की दुसरी जागच्या जागी बधिर होते, आणि तिसरीला मधला अर्धा तास आठवतच नाही. अगदी खरं. म्हणूनच मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी ‘ट्रॉमा अँड रिकव्हरी’त (१९९२) सावरण्याच्या टप्प्यांत सुरक्षितता सर्वांत आधी ठेवली, आणि त्या टप्प्यातल्या गटांनी आघात उकरण्याऐवजी आजच्या जगण्यावर बोलावं असा आग्रह धरला. चांगल्या गटाचा पहिला नियम हाच असतो: काय झालं ते इथं सांगायचं नाही, आज कसं निभावलं ते सांगायचं.

आणि निभावण्याबद्दल बोलायला केवढं तरी असतं! रिक्षात बसल्याचं आठवतं, उतरल्याचं नाही, अशा वेळी काय करायचं? पर्समध्ये आजची तारीख, घरचा पत्ता आणि एका विश्वासाच्या माणसाचा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवायची. पाय जमिनीला घट्ट टेकवून समोरच्या पाच वस्तूंची नावं मोठ्यानं घ्यायची. नवऱ्याला किती सांगायचं, ऑफिसात काय सांगायचं नाही. हातात बर्फ धरायला तज्ज्ञही शिकवतात. पण त्या गारठ्यानं एखादीची जुनी वेदनाच जागी होत असेल, तर ‘बर्फ सोड, आल्याचा तुकडा चावून बघ’ हे तिला तेच करून पाहिलेली बाईच सांगते. शिवाय ‘मला वेड लागलंय’ ही वर्षानुवर्षं लपवलेली भीती, समोरची बाई ‘माझंही असंच होतं’ म्हणाली की जेवढी सैल होते, तेवढी कुठल्याही निदानानं होत नाही.

तज्ज्ञांना तरी हे ज्ञान कुणी दिलं? १९७०मध्ये न्यूयॉर्कला व्हिएतनामहून परतलेले सैनिक आपापसांत बसून बोलू लागले. रॉबर्ट लिफ्टन आणि चेम शेटन हे मानसोपचारतज्ज्ञ त्या बैठकांना गेले, ते सैनिकांनी बोलावलं म्हणून. त्या बोलण्याचा आणि पुढच्या लढ्याचा मोठा वाटा होता म्हणून १९८०मध्ये पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा मानसिक विकार, हे निदान अमेरिकेतल्या मानसिक विकारांच्या अधिकृत यादीत आलं. आपल्याकडं पुण्यात १९८६पासून चालणाऱ्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनातून सुटलेली माणसं समुपदेशन करतात. त्यांचा अनुभव आपण पात्रता मानतो. मग आघात सोसलेल्यांचाच अनुभव धोका का ठरतो?

गट म्हणजे उपचार नव्हे, हे मीही म्हणते. आत्महत्येचा विचार किंवा घरात आजही चालू असलेला अत्याचार पेलणं गटाचं काम नाही. तिथं ताबडतोब डॉक्टर, टेलीमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६, वेळ पडली तर पोलीस. पण २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाच्या सुमारास देशात लाखामागे सरासरी एकही मानसोपचारतज्ज्ञ नव्हता. ज्यांना तो मिळतो त्यांनाही आठवड्यातला एखादा तास मिळतो. उरलेल्या आठवड्याचं काय?

जिल्हा रुग्णालयांनी आठवड्यातून एका संध्याकाळी एक खोली द्यावी. गट चालवणाऱ्यांना प्रशिक्षण आणि मानधन द्यावं, अडलं तर हाकेला येईल असा समुपदेशक जवळच्या खोलीत बसवावा. सूत्रं मात्र सोसलेल्यांकडंच राहू द्यावीत. तज्ज्ञ अध्यक्षाच्या खुर्चीत बसला की ही माणसं पुन्हा गप्प होतात.