डब्यात भीती भरू नका



मागच्या महिन्यात एके दुपारी नातवाच्या शाळेतून फोन आला. सूनबाई नोकरीला जाते, म्हणून शाळेत दुसरा नंबर माझा दिला आहे. बाई म्हणाल्या, "आजी, काळजीचं काही नाही, पण उद्या कोणीतरी भेटून जा." आमचा नातू दुसरीत आहे. डब्याच्या सुट्टीत त्याच्या बाकावरच्या मुलाने उकडलेले अंडे काढले, तेव्हा आमच्या महाशयांनी सगळ्या वर्गासमोर त्याला सांगितले, "तू पापी आहेस. तू नरकात जाणार." ते पोर रडायला लागले आणि डबा तसाच बंद करून घरी घेऊन गेले.

खरे सांगते, फोन ठेवल्यावर पहिल्यांदा मला मनातून थोडे बरेच वाटले. शब्द चुकले असतील, पण पोरगा धर्माला धरून आहे, असे वाटले. रात्री मात्र त्याला झोपवताना वेगळेच कळले. तो उगाच कूस बदलत होता. मी पाठीवरून हात फिरवला तशी त्याने हळूच विचारले, "आजी, एकदाच खाल्लं तरी नरकात जातात का?" मग रडत रडत सगळे बाहेर आले. दोन महिन्यांपूर्वी एका वाढदिवसाला त्याने बटाटेवडा खाल्ला होता. घरी आल्यावर मी विचारले होते, तेव्हा "फक्त केक खाल्ला, बिनअंड्याचा" असे सांगितले होते. दोन महिने हे सात वर्षांचे लेकरू ती गोष्ट पोटात ठेवून फिरत होते. आणि आपण एकटेच पापी नको म्हणून की काय, वर्गात दुसऱ्याला पापी म्हणत होते.

नरकाची गोष्ट त्याला कोणी सांगितली? मीच. जेवताना हट्ट करू नये, बाहेर काही मागू नये म्हणून मला ते सोपे पडायचे. एकदा भीती घातली की पुन्हा समजावत बसावे लागत नाही.

मी 1981 ची बी.कॉम. आहे. घरखर्चाची वही अजून रोज लिहिते. त्या रात्री मनात या गोष्टीचा जमाखर्च मांडला. जमेच्या बाजूला एक बटाटा टळला, तोही टळला नव्हताच. खर्चाच्या बाजूला खोटे बोलणे, दोन महिन्यांची धास्ती, एका मित्राचे दुखावलेले मन आणि आजीपासून लपवण्याची सवय. हा ताळेबंद तोट्याचाच आहे.

आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात श्रावकाचे आठ मूलगुण सांगितले. त्यात मद्य, मांस आणि मध यांच्या त्यागाबरोबर पाच अणुव्रते आहेत. म्हणजे सत्यही मूलगुणातच आले. कंदमूळ वाचवायला मुलाला खोटे बोलायला लावले, तर आपण नेमके काय पाळले? त्याच ग्रंथात श्रावकाच्या अकरा प्रतिमा आहेत आणि त्यात रात्रिभोजनाच्या त्यागाची प्रतिमा सहावी आहे. म्हणून रात्री खावे असे मी मुळीच म्हणत नाही. आमच्या घरात लग्न होऊन आल्यापासून मी दिवसाच जेवते. पण आचार्यांनी मोठ्या माणसांसाठीसुद्धा पायऱ्या ठेवल्या, आणि आपण दुसरीतल्या मुलाला एकदम गच्चीवर उभे करतो. मग तो खाली बघून घाबरला तर दोष त्याचा कसा?

काही जणी म्हणतील, "धाक नसेल तर मुले बिघडतील. आम्ही नाही का धाकातच वाढलो?" वाढलो, हे खरे आहे. पण आपण वाढलो तेव्हा आळीत सगळेच एकसारखे खाणारे. शाळेतून पळत घरी येऊन जेवायचे, संध्याकाळी आईबरोबर बस्तीत जायचे. मोह समोर नव्हताच, तर धाकाची परीक्षा कधी झाली? आजच्या मुलाच्या बाकावर रोज तीन प्रकारचे डबे उघडतात. तिथे आजी नसते. तिथे त्याच्याजवळ स्वतःला पटलेले कारण असेल तरच ते टिकेल. आपल्यातलीच कितीतरी मुले शिकायला पुण्याला, बंगळूरला गेली की पहिल्या सहा महिन्यांत सगळे सोडतात आणि घरी आल्यावर सोज्वळ चेहऱ्याने जेवायला बसतात. त्यांना धाक कमी होता असे मला वाटत नाही.

म्हणून आता आमच्याकडे मी काही गोष्टी बदलल्या आहेत. पटल्या तर बघा.

पहिली म्हणजे, प्रश्नाला उत्तर द्यायचे. नातवाने विचारले, "शेंगा जमिनीत येतात, मग त्या कशा चालतात?" पूर्वी मी "चालतात म्हणून चालतात" म्हटले असते. आता त्याला सांगितले की भुईमुगाचे फूल वर येते, त्याची आर जमिनीत शिरते आणि तिथे शेंग धरते. ती मूळ नाही, फळ आहे. बटाट्याचा एक तुकडा पेरला की नवे झाड येते, त्यात अनंत जीव आपण मानतो, म्हणून तो सोडायचा. एवढे त्याला छान समजले. नरकाची गरज पडली नाही.

दुसरी, डबा असा हवा की मुलाला कोणाच्या डब्याकडे बघावेसे वाटू नये. कच्च्या केळ्याचे वडे, मुगाची धिरडी, शेंगाची पोळी, दुधीचे थालीपीठ. रोज कोरडी पोळी आणि तीच उसळ देऊन वर संयमाची अपेक्षा करणे बरोबर नाही.

तिसरी, वेळ मोठ्यांनी सांभाळायची. थंडीत आमच्या सांगलीला सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. शाळेची गाडी सव्वापाचला येते. मध्ये शिकवणी ठेवली तर मुलाने जेवायचे कधी? आम्ही शिकवणी सकाळी घेतली, आणि आल्या आल्या गरम जेवण. पण ते पावणेसहाचे ताट सूनबाईने ऑफिसातून धावत येऊन वाढावे, हे मला मान्य नाही. ती सकाळी पाचला उठून दोन डबे करते. संध्याकाळचा स्वयंपाक माझा, आणि ताटे-पाणी आमच्या ह्यांचे. नियम घराचा असेल तर कष्टही घरभर वाटले पाहिजेत. नाहीतर सुना नियमालाच कंटाळतात, आणि मग आपण म्हणतो आजकालच्या मुलींना धर्म नको.

चौथी, चुकले तर घरी येऊन सांगायचे, रागावणार नाही, हा शब्द मी नातवाला दिला आहे. सांगितले की दोघांनी मिळून नऊ वेळा णमोकार म्हणायचा आणि विषय संपवायचा.

आता त्या अंडेवाल्या मुलाचे. दुसऱ्या दिवशी मी नातवाला घेऊन शाळा सुटायच्या वेळी फाटकापाशी थांबले. दशलक्षण संपले की आपण शंभर जणांना उत्तम क्षमेचे निरोप पाठवतो. त्यातल्या बहुतेकांशी आपले वर्षभर भांडणही झालेले नसते. इथे मात्र खरेच मन दुखावले होते. मी त्या मुलाच्या आईला म्हटले, "चूक माझ्या शिकवण्याची आहे, माफ करा." ती ओशाळली. "अहो काकू, पोरंच ती," म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "पण दोन दिवस तो डबाच नेत नव्हता." ते वाक्य माझ्या मनातून अजून गेलेले नाही. आपल्या अहिंसेपायी एक लेकरू उपाशी बसले होते.

आता दोघे पुन्हा एका बाकावर बसतात. आमचा आपलेच खातो, तो त्याचे. परवा घरी येऊन म्हणाला, "आजी, त्याला आपले केळ्याचे वडे फार आवडले, उद्या दोन जास्त दे."

मी चार दिले.